प्री-सीझनचे गोल आणि आमची फॅन्टसी लीग

फॅन्टसी लीग म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगच्या खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम बनवायची आणि ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट मिळवायचे. जुलै लागला की आमच्या लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिपांचा मारा सुरू होतो. कुठे बँकॉकला, कुठे अमेरिकेत प्री-सीझनचे, म्हणजे सीझन सुरू होण्याआधीचे सराव सामने चाललेले असतात, कुणीतरी तीन-चार गोल ठोकतो आणि इंदूरच्या रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्यांच्या टीममध्ये तो रातोरात घुसतो. ग्रुपवर लिहून लिहून बोटं दुखली, म्हणून आता इथे लिहितो. प्री-सीझन बघून खेळाडूचा फॉर्म ठरवणं म्हणजे साखरपुड्यातल्या वागण्यावरून जावई पारखणं आहे. तिथे सगळेच गोड असतात. सराव सामन्यात बघायचं असतं ते मॅनेजरच्या मनात काय चाललंय ते, आणि ते स्कोअरबोर्डवर नसतं.

२०२२ चा उन्हाळा आठवा. मँचेस्टर युनायटेडने बँकॉकला लिव्हरपूलला ४-० धुतलं. त्यांचा नवा मॅनेजर टेन हागचा पहिलाच सामना, ग्रुपवर फटाके. लिव्हरपूलचा मॅनेजर क्लॉपने त्या सामन्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या हिशोबाने जवळजवळ अख्खी टीम बदलत ठेवली होती, हे कुणी बघितलंच नाही. दौऱ्यावर युनायटेडचा मार्शियल गोलामागून गोल करत होता, तो ऐन सीझनच्या तोंडावर जायबंदी झाला. मग युनायटेड घरच्या मैदानावर ब्रायटनकडून १-२ हरले आणि पुढच्या आठवड्यात ब्रेंटफर्डने ०-४ ने वाट लावली. बँकॉकच्या भरवशावर तीन-तीन युनायटेडवाले घेऊन बसलेले आमच्याकडे कमी नव्हते.

पण खरी गंमत दोन स्ट्रायकरांची, मँचेस्टर सिटीचा हालांड आणि लिव्हरपूलचा नुन्येझ. नुन्येझने लायप्झिगविरुद्ध एकट्याने चार गोल केले. मग ३० जुलैला कम्युनिटी शील्ड, सीझनच्या तोंडावरचा एका सामन्याचा कप. लिव्हरपूलने सिटीला ३-१ हरवलं, नुन्येझने गोल केला, आणि हालांडने अगदी शेवटी, समोर गोल उघडा असताना, बॉल क्रॉसबारवर मारला. दोन दिवस जगभर तेवढीच क्लिप फिरत होती.

फॅन्टसी टीम पक्की करायची पहिली डेडलाइन पाच ऑगस्टच्या शुक्रवारी, आपल्याकडे रात्री अकराला. आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत. एका हातात भुट्ट्याच्या कीसाचा द्रोण, दुसऱ्या हातात फोन, आणि चिकट अंगठ्याने भाचा हालांडला टीममधून काढतोय. "मामा, त्याला गोलच दिसून नाही राहिला!" गेममधल्या किमतीत हालांड साडेअकरा मिलियनचा, नुन्येझ नऊचा. अडीच मिलियन वाचले म्हणून स्वारी खूश. मी म्हटलं, अरे, दोघं मैदानात किती वेळ होते ते तरी बघ. तो म्हणाला, मामा, तू बँकेत आहेस म्हणून तुला सगळीकडे खातंच दिसतं.

खातंच बघायचं होतं. लायप्झिगविरुद्ध नुन्येझ उतरला हाफटाइमनंतर. शील्डमध्ये तो आला तासाभरानंतर, फिर्मिनोच्या जागी, समोरचे बचावपटू दमलेले असताना. हालांड मात्र पहिल्या मिनिटापासून होता आणि ज्या संधीवर सगळे हसले ती इंज्युरी टाइममधली, म्हणजे सिटीचा मॅनेजर पेपने त्याला शेवटपर्यंत काढलाच नव्हता. गोलाकडे न बघता एवढंच बघितलं असतं तरी दिसत होतं की एक माणूस दर आठवड्याला पूर्ण खेळणार आहे आणि दुसरा सध्या बेंचवरून येणार आहे. झालंही तसंच. पहिल्या आठवड्यात नुन्येझ फुलमविरुद्ध बेंचवरूनच आला. गोल केला, असिस्टही (गोलाआधीचा पास) दिला, भाच्याने ग्रुपवर नाचून घेतलं. त्याच आठवड्यात हालांडने वेस्ट हॅमला दोन मारले. दुसऱ्या आठवड्यात नुन्येझने पॅलेसच्या अँडरसनला डोकं मारलं, रेड कार्ड, तीन सामने घरी. सीझनअखेर लीगमध्ये हालांडचे गोल ३६, नुन्येझचे ९.

फॅन्टसीचे नियमच असे आहेत की मिनिटांशिवाय गत्यंतर नाही. साठ मिनिटं खेळलात तर दोन पॉइंट, त्याच्या आत बाहेर आलात तर एक. बचावपटूचे क्लीन शीटचे (टीमने एकही गोल न खाल्ल्याचे) चार पॉइंट साठ मिनिटांखाली मिळतच नाहीत. आता पाच-पाच सबस्टिट्यूट आहेत, म्हणजे पंचावन्नाव्या मिनिटाला बाहेर येणारा चांगला खेळाडू आणि नव्वद मिनिटं रेटणारा बरा खेळाडू, यात मी डोळे मिटून दुसरा घेतो.

म्हणजे प्री-सीझन बघूच नये का? बघावं, पण प्रश्न घेऊन बघावं. त्याच उन्हाळ्यात गॅब्रिएल जेझुस सिटीतून आर्सेनलला आला आणि त्याने सेव्हियाविरुद्ध हॅटट्रिक केली. मी त्याला घेतला, पण हॅटट्रिकसाठी नाही. सिटीत त्याला कधी डावीकडे, कधी उजवीकडे ढकलायचे, आणि इथे मॅनेजर आर्टेटा त्याला सामन्यामागून सामना मधोमध, पहिल्या टीमबरोबर खेळवत होता. आठ मिलियनला असा पक्का नंबर नऊ, म्हणजे मधला स्ट्रायकर, कुठे मिळतो? पहिल्या आठवड्यात त्याला काही सापडलं नाही, दुसऱ्या आठवड्यात लेस्टरविरुद्ध दोन गोल, दोन असिस्ट.

(आर्सेनलचं नाव निघालं की इंदूरकर म्हणून एक सांगावंच लागतं. आर्सेनलचा विंगर आणि इंग्लंडचा बॅट्समन डेनिस कॉम्प्टन महायुद्धात आपल्या महूला फौजेत होता. १९४४-४५ च्या रणजी फायनलमध्ये तो होळकर टीमकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करून गेला. सामना हरलो, ती गोष्ट वेगळी. ग्रुपमध्ये आर्सेनलवाले इतके का, हे कृपया विचारू नये.)

माझ्या मते प्री-सीझनचा सगळ्यात मोठा उपयोग स्वस्तातल्या खेळाडूंसाठी आहे. हालांडसारखे महागडे घ्यायला कुणाचा सल्ला लागत नाही. शंभर मिलियनमध्ये पंधरा जण बसवताना घाम फुटतो तो चार-साडेचारवाल्यांवर. २०१९ मध्ये शेफील्ड युनायटेडचा लंडस्ट्रम गेममध्ये बचावपटू म्हणून होता, किंमत चार मिलियन, आणि मैदानावर खेळायचा मिडफिल्डमध्ये. बचावपटूच्या गोलाला सहा पॉइंट! बर्न्लीविरुद्ध त्याने दोन गोल केले, वर क्लीन शीट, एका आठवड्यात २१ पॉइंट. असा माणूस हायलाइट्समध्ये सापडत नाही, त्याला शोधायला टीमशीट, म्हणजे सामन्याची खेळाडूंची यादी, वाचावी लागते: कोण कुठे उभा आहे, आणि शेजारी पहिल्या टीमचे लोक आहेत की अकादमीतली पोरं.

आणखी एक. वर्ल्ड कप, युरो, कोपा अमेरिका अशा देशांच्या स्पर्धा झालेल्या उन्हाळ्यात मोठे खेळाडू सुट्टीवरून उशिरा परततात. त्यांच्या जागी एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा दौऱ्यावर भाव खाऊन जातो आणि ऑगस्टमध्ये साहेब परतले की बेंचवर. पेनल्टीचंही तसंच. नेहमीचा मारणारा मैदानात नसताना दुसऱ्याने मारली, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तो मैदानात असूनही दुसऱ्याने बॉल उचलला, तर मात्र मी उठून बसतो.

म्हणून मी जुलैचे सामने फारसे बघत नाही. ऑगस्टमधले शेवटचे दोन बघतो, त्यातही सुरुवातीचे अकरा आणि साठाव्या मिनिटाला कोण बाहेर येतं ते. पहिल्या डेडलाइनपर्यंत टीममध्ये कितीही बदल फुकट असतात, त्यामुळे आत्तापासून पंधरा नावं पक्की करून स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांची घाई मला कळत नाही. भाच्याने यंदाचा त्याचा आधीच टाकलाय. लीगचा कोड पाहिजे असेल त्यांनी इनबॉक्स करा. शेवटून पहिला येईल त्याच्याकडून सगळ्यांना पोहे-जलेबी, आणि तिथे "प्री-सीझनमध्ये तर तो बरा खेळत होता" ही सबब चालणार नाही.