एट केचं फॉरवर्ड आणि आपल्या घरातल्या 576 रेघा

एक लांबलचक फॉरवर्ड सध्या लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत फिरतंय. भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, कुठंच सुटका नाही. वर "टीव्ही घेण्याआधी वाचाच, दुकानदार सांगणार नाही" आणि खाली सही कुणा "मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरची", नाव नसलेली. मजकूर थोडक्यात असा: फोर के जुनं झालं, घ्यायचा तर एट के (फोर केच्या चौपट ठिपक्यांचा) घ्या. क्यूएलईडी हे ओएलईडीच्या पुढचं. खोक्यावर 107 कोटी रंग आणि 240 हर्ट्झ (सेकंदाला 240 चित्रं) लिहिलंय का बघा. पॅनल सगळ्यांचं एकाच ठिकाणचं, म्हणून बिनब्रँडचा निम्म्यात घ्या. पूर्वीचे टीव्ही वीस वर्षं चालायचे, आताचे मुद्दाम तीन वर्षांत मरतील असे करतात. टीव्हीतच अॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) असेल तर साउंडबार नको. एचडीएमआय केबल सोन्याची आणि महागातलीच. स्टॅबिलायझर नसेल तर टीव्ही सहा महिन्यांत जाणार.

एट केही घ्या आणि निम्म्यातही घ्या, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसवायचं ते त्या इंजिनिअरलाच ठाऊक. मला नव्या पडद्यांचं वेड आहे, दुकानात नवा टीव्ही लागला की मी काचेला नाक लावून बघणाऱ्यातला. म्हणून तर हे फॉरवर्ड जास्त झोंबलं. त्यात एक गोष्ट मात्र बरोबर दिलीय, ती आधीच मान्य करतो: 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. उरलेल्याचं बघू.

आधी एट के. आपल्याकडच्या हॉलमध्ये एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला टीव्ही, मध्ये साधारण 10 फूट. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हिशोबात 6/6 नजर म्हणजे एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येणं. 10 फुटांवर हा भाग जवळपास 0.9 मिलिमीटर भरतो. त्याहून बारीक ठिपके शेजारी शेजारी असले तर ते एकमेकांत मिसळूनच दिसतात. आता 55 इंची टीव्ही घ्या. पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद. फुल एचडीत आडवे 1920 ठिपके, म्हणजे एक ठिपका 0.63 मिलिमीटरचा. फोर केमध्ये 3840, ठिपका 0.32 चा. एट केमध्ये 7680, ठिपका 0.16 चा. म्हणजे दिवाणावर बसून तुम्हाला फुल एचडीचाही ठिपका सुटा दिसत नाही, आणि फॉरवर्ड सांगतं की त्याच्या चौथाईचा घ्या. 85 इंची फोर के आणला तरी ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहतो. एखाद्याची नजर 6/6 पेक्षा तेज असते हे खरं, पण 0.9 आणि 0.16 मध्ये जेवढं अंतर आहे तेवढी तेज कुणाची नसते.

बरं, पडदा बारीक असून उपयोग काय, आत येतंय काय ते बघा. आपल्याकडे गावोगावी छतावर फ्री डिशची थाळी आहे, आणि त्यावरच्या बहुतांश वाहिन्या अजून एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाच्या आहेत: 576 रेघा, दर रेघेत 720 ठिपके. ठिपके झाले 4,14,720. फोर के पडद्यावर ठिपके 82,94,400. भागून बघा, बरोबर 20 पट. म्हणजे फोर के टीव्हीवर एसडी वाहिनी लावली की दर 20 ठिपक्यांतला एक आकाशातून आलेला असतो, उरलेले 19 टीव्ही अंदाजाने भरतो. एट केवर 80 पैकी 79. चांगला प्रोसेसर हा अंदाज बरा बांधतो, स्वस्तातला मेणासारखे चेहरे करतो. म्हणून तर शेजारच्यांचा नवा मोठा टीव्ही बातम्या लावल्या की जुन्यापेक्षा वाईट दिसतो आणि घरमालक दुकानदाराला शिव्या घालतो.

एट केचं प्रसारण जगात नाहीच असं नाही. जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीने 1 डिसेंबर 2018 ला ते सुरू केलं. आपल्याकडे एट के वाहिनी नाही. राहिलं ओटीटी. नेटफ्लिक्स फोर केसाठी 15 एमबीपीएसचा वेग मागतं आणि तासाला 7 जीबीपर्यंत डेटा खातं. फायबर असेल तर प्रश्न नाही. पण ज्या घरात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालतो आणि रिचार्ज दिवसाला 2 जीबीचा आहे, तिथं फोर केमध्ये पाव तासाच्या थोडं पुढं गेलं की दिवसाचा कोटा संपला. तरीही 50-55 इंचांत फोर केच घ्या म्हणतो मी, कारण त्या मापात फुल एचडी बाजारात फारसा उरलेलाच नाही. एट केचे पैसे मात्र वायफळ.

क्यूएलईडी आणि ओएलईडी. एका अक्षराचा फरक बघून लोक भाऊ-भाऊ समजतात, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. क्यूएलईडी हा एलसीडीच: मागं निळ्या एलईडींचा उजेड, त्यापुढं क्वांटम डॉटचा पापुद्रा आणि त्यापुढं द्रवस्फटिकाचा पडदा. हे डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे कण, आकार बदलला की त्यांचा रंग बदलतो. त्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा चीज नक्कीच भारी आहे. पण उजेड मागूनच येतो, त्यामुळे काळा रंग हा झाकलेला उजेड असतो, थोडा झिरपतोच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. रात्री दिवे मालवून बघा, त्या काळ्यापुढं दुसरं काही टिकत नाही.

मग ओएलईडीच घ्या का? तुमच्या खोलीला विचारा. आपल्याकडे मार्च ते जून खिडकीत कूलर, आणि कूलरची हवा खेळती राहावी म्हणून समोरचं दार सताड उघडं. दुपारी मॅच बघताना त्या दारातलं ऊन थेट पडद्यावर. पूर्ण पांढरा पडदा असताना साधारण ओएलईडी चांगल्या एलईडीपेक्षा (म्हणजे मागं एलईडीचा उजेड असलेल्या एलसीडीपेक्षा) मंद पडतो. त्यात ज्या घरात एकच बातम्यांची वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते, तिथं वाहिनीचा लोगो आणि खालची लाल पट्टी पडद्यात कायमची उमटायची भीती ओएलईडीलाच जास्त. अशा घरात मी उजळ क्यूएलईडी सांगतो. पुढचं-मागचं असं काही नाही.

107 कोटी रंग आणि एचडीआर: लाल, हिरवा, निळा यांतल्या दर रंगाच्या 1024 छटा, तिन्हींचा गुणाकार केला की तो आकडा येतो. खोक्यावर "एचडीआर" (उजेड-काळोखातला मोठा फरक दाखवणारं चित्र) लिहिलं म्हणजे टीव्हीला तो सिग्नल कळतो, एवढंच. दाखवायला उजेड लागतो. एचडीआर सिनेमे सहसा 1000 निट्स (हे पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त धरून बनवलेले असतात, आणि स्वस्त पॅनल 250-300 निट्सला दमतं. मग तो टीव्ही चित्र दाबून काळपट करतो. अशा टीव्हीवर एचडीआर बंद केलेलं बरं दिसतं, हे करून बघा.

240 हर्ट्झवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, आपलं प्रसारण 50 चं. खोक्यावरचा 240 बऱ्याचदा "मोशन रेट" नावाचा जाहिरातीचा आकडा असतो, आतलं पॅनल 60 चंच. खरं 120 गेम खेळणाऱ्याला कामाचं, आणि 24 ने 120 ला पूर्ण भाग जातो म्हणून सिनेमालाही बरं. बाकी मोशन स्मूदिंग (मधली चित्रं टीव्हीनेच भरणं) सिनेमाला बंद ठेवा, नाहीतर कुठलाही चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

"पॅनल सगळ्यांचं एकच" हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त खपतं. एलसीडी पॅनल आज मुख्यतः चीनमधल्या बीओई, सीएसओटी अशा मोजक्या कारखान्यांतून येतात, सॅमसंगनेही 2022 मध्ये एलसीडी पॅनल बनवणं थांबवलं. पण काच म्हणजे टीव्ही नव्हे. मागचा बॅकलाइट किती, पॉवर सप्लाय कसा, सॉफ्टवेअर कुणाचं, यात पैसे वाचवले जातात. बिनब्रँडच्या 32 इंचीवर मोठ्या अक्षरात "फोर के सपोर्ट" असतं, आत पडदा 1366 गुणिले 768 चा. सपोर्टचा अर्थ फक्त फोर के फाइल उघडते. आणखी एक गोम ओटीटीत आहे: टीव्हीला वाइडवाइन एल-वन हा परवाना नसेल तर बरीच अॅप्स त्यावर एसडीच देतात, तुम्ही कितीचाही प्लॅन घ्या. दुकानातच नेटफ्लिक्स उघडून बघा. उघडलं नाही किंवा चित्र पुसट आलं, तर निम्म्या किमतीचं कारण कळलं.

आता वीस वर्षांचा मुद्दा. पैठण रोडवरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे, त्यामुळे या भागात जुन्या डब्यांबद्दल माया आहे, ते समजतं. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, डबे मात्र काही घरांत नंतरही चालले. पण जे चालले तेच आठवतात. ईएचटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा भाग) जळणं, पिक्चर ट्यूब डाउन होऊन चेहरे हिरवे दिसणं, मेकॅनिक बॅग घेऊन घरी येणं, हे सगळं विसरून आपण वीस वर्षं म्हणतो.

आताचा एलईडी कुठं मरतो ते मात्र सांगण्यासारखं आहे. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी एक 43 इंची उघडताना बघितला. तक्रार होती की आवाज येतो, चित्र येत नाही. मेकॅनिकने टीव्ही चालू केला, दुकानातला दिवा बंद केला आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला तिरकी धरली. आत चित्र अंधुक हलत होतं. "पॅनल चांगलंय भाऊ, पट्टी गेली." मग टीव्ही गादीवर पालथा. स्क्रू निघाले, कडेच्या खाचा सुटल्या, काच सक्शन कपने उचलून बाजूला ठेवली. हे करताना तो श्वास रोखून होता, कारण ती तडकली तर टीव्ही भंगारात. खाली दोन-तीन पांढरे पापुद्रे, त्यांच्या खाली ओळीने पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एलईडी आणि त्यावर छोट्या टोपीसारखं भिंग. टेस्टरचं टोक एकेका एलईडीला लावत गेला. पेटला, पेटला, पेटला, मग एक पेटला नाही. त्याच्या मधोमध सुईच्या अग्राएवढा काळा डाग. सगळे एका माळेत जोडलेले असल्याने एक मेला की पूर्ण पडदा अंधार.

यात कट-कारस्थान कमी आणि उष्णता जास्त. कारखान्यातून टीव्ही येतो तो "व्हिव्हिड" मोडवर, बॅकलाइट 100 वर. दुकानात चमकावा म्हणून ते असतं आणि घरी कुणी बदलत नाही. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान 40 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेर 42-43 सहज होतं, पत्र्याच्या खोलीत किती ते तुम्हीच मोजा. बॅकलाइट 60-65 वर आणा, रात्री आणखी खाली, आणि भिंतीला चिकटवून खोबणीत बसवू नका, मागं हवा खेळू द्या. स्वस्त टीव्हीत एलईडींवर मुळातच ताकदीबाहेर करंट सोडलेला असतो, एवढा आरोप मात्र मी फॉरवर्डच्या बाजूने मान्य करतो.

अॅटमॉसचं. 2012 मध्ये हे आलं ते चित्रपटगृहांसाठी, डोक्यावरही स्पीकर धरून. टीव्हीत खाली तोंड केलेले 10-10 वॅटचे दोन स्पीकर असतात, ते डोक्यावरून हेलिकॉप्टर नेत नाहीत. साउंडबार घ्याच, पण वर आवाज फेकणारा घेताना छत बघा. तो आवाज सपाट, कडक स्लॅबवर आपटून खाली येतो असं धरलेलं असतं. माळवदाच्या घरात तुळया आणि फळ्यांवर तो विखुरतो, उतरत्या पत्र्यावरून भलतीकडेच जातो. अशा घरात साधा 3.1 (डावा, उजवा, मधला स्पीकर आणि एक वूफर) घ्यावा, मधल्या स्पीकरमुळे संवाद तरी स्पष्ट ऐकू येतात. म्हाताऱ्या माणसांची खरी तक्रार तीच असते.

सोन्याची केबल: डिजिटल सिग्नल एकतर पोचतो किंवा तुटतो. तीन-चार हात लांबीची साधी प्रमाणित केबल फोर केला पुरते. पुढं जा.

स्टॅबिलायझर. टीव्हीच्या मागं स्टिकर असतो, वाचा: बहुतेकांवर "100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ" असतं. शेतातले पंप सुरू झाले आणि व्होल्टेज 160 वर आलं तरी असा टीव्ही चालतो, ट्यूब लुकलुकेल पण पडदा नाही. त्याला कमी व्होल्टेजची भीती नाही, जास्तीची आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या 230 च्या जागी दोन फेजमधलं 400 च्या आसपास येऊ शकतं, आणि तेव्हा स्वस्त स्टॅबिलायझरचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) टीव्हीच्या आधी जागा होईल याची खात्री नाही. त्या पैशात व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला कुणाला आठवत नाही, तेही घाला.

राहिली वीज, आकाशातली. फॉरवर्ड म्हणतं, पाऊस आला की रिमोटने बंद केला तरी पुरे. रिमोटने फक्त पडदा झोपतो, वायर जोडलेलीच राहते. टीव्हीची पिन काढली तरी छतावरच्या थाळीची केबल सेटटॉप बॉक्सला असते आणि बॉक्सची एचडीएमआय टीव्हीला. वळवाच्या दिवसांत पश्चिमेला अंधारून आलं की टीव्हीची पिन, बॉक्सची पिन आणि थाळीची केबल तिन्ही काढा, गडगडाट सुरू व्हायच्या आत. एकदा सुरू झाला की त्या केबलला हात लावू नका, टीव्ही गेला तर गेला.