साखरवाल्यांचे पातेले

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. माझी पाळी आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी द्रोण भरता भरता हात आवरला आणि हॉलमधल्या शेवटच्या सतरंजीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात हुकूम सोडला, "साखरवाल्यांचं पातेलं इकडे आणा!" मला मधुमेह आहे हे तोपर्यंत सोसायटीत फार तर चार जणांना ठाऊक होते; त्यानंतर ते वॉचमनच्या धाकट्या मुलालाही कळले.

पातेल्यात गुळाचा शिरा होता. रवा, तूप, केळे सगळे सव्वाच्याच मापात, फक्त साखरेच्या जागी गूळ. मला गूळही चालत नाही, असे मी हळूच म्हणालो.

"अहो, गूळ नैसर्गिक असतो."

"काकू, साखर आणि गूळ एकाच उसाची मुलं आहेत. सख्खे भाऊ."

"सख्ख्या भावांत फरक नसतो होय? आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कोणाचा रुपया बुडवला नाही, आणि धाकट्या दिरांनी साताऱ्याच्या जमिनीचं काय केलं, विचारा!"

मी विचारले नाही, तरीही सातबाऱ्यावरचे सासऱ्यांचे नाव कसे उतरले आणि दिरांचे कसे चढले, हे मला आणि माझ्यामागे ताटकळणाऱ्या अकरा माणसांना साद्यंत ऐकावे लागले. शेवटी काकूंनी निकाल दिला, "तर गूळ हा आमच्या ह्यांच्यासारखा. कोणाला त्रास नाही."

गुळातही बहुतांश साखरच असते, त्यातल्या चिमूटभर लोहाचे कौतुक करण्यासाठी ती सगळी पचवावी लागते आणि गूळ काढून टाकला तरी उरलेल्या रव्याचेही पोटात ग्लुकोजच होते, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पण तेवढ्यात काकूंनी ब्रह्मास्त्र काढले. "प्रसाद नाकारताय? कलावतीचं काय झालं, आत्ताच ऐकलंत ना?" प्रसाद न घेता धावत सुटलेल्या कलावतीचा नवरा नौकेसकट बुडाला होता. माझी पत्नी शेजारीच उभी होती आणि तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी मुकाट्याने द्रोण पुढे केला. लिंबाएवढा मागितलेला शिरा मोसंबीएवढा पडला.

एवढ्यावर मी सोडूनही दिले असते. पंगतीत मी आहारतज्ज्ञांनी शिकवल्याप्रमाणे आधी काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ अशा क्रमाने जेवत होतो, कारण भात-पोळी शेवटी खाल्ली की साखर जरा सावकाश चढते. त्या संध्याकाळी तर मी पुरीला हातही लावला नव्हता आणि भात आधीच परतवला होता, तो केवळ दोन बटाटाभज्यांसाठी. वाढणाऱ्या मुलाने ती पानात ठेवली आणि काकू घारीसारख्या आल्या. "अरे, त्यांना बटाटा नको, शुगर आहे त्यांना!" मुलाने माझ्या पानातली भजी उचलून शेजारच्या पानात वाढली. शेजाऱ्याने ती खाल्लीही.

गेली सहा वर्षे मी वाटीने मोजून भात खातो, रात्री जेवण झाले की पार्किंगमध्ये वीस मिनिटे फेऱ्या मारतो आणि कुत्र्यांची भुंकणी खातो. यंदा तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगणारे ते एचबीएवनसी मी 8.1 वरून 6.9 वर आणले, तेव्हा कोणी हॉलमध्ये हाक मारून सांगितले नाही. माझ्या पानावर मात्र सर्वांचा हक्क! स्वतः वाढायचे ते औषध आणि मला हवे ते विष, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

जेवणानंतर दोन तासांनी बोटाला सुई टोचली. डॉक्टरांनी 180 ची मर्यादा घालून दिली आहे; यंत्राने 243 दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काकू उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. "घ्या. तुमच्यासाठीच केला होता. बाकीच्यांनी कोणी हातच लावला नाही हो."

शिरा कामवाल्या मावशींकडे गेला. डबा रिकामा परत करू नये, म्हणून पत्नीने तो घासून, पुसून, त्यात चमचाभर साखर घातली आणि तो पोहोचवायला मलाच तिसऱ्या मजल्यावर पाठवले.