कॉर्डलेस माइकची बॅटरी आणि ‘पूर्ण उतरू द्या’चा सल्ला

साउंडवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. कॉर्डलेस माइकची बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, नाहीतर तिला सवय लागते. नवी बॅटरी आधी 12 तास चार्ज करा. पडून राहणार असेल तर फुल करून ठेवा. आणि माइकमध्ये चार्जिंगचे सेल घालूच नका, ते 1.2 व्होल्टचेच असतात.

सवयीची गोष्ट निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली. आजच्या माइकमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते, नाहीतर निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल. लिथियमला ही खोड नाहीच. ती जितकी खोल उतरवाल तितकी लवकर म्हातारी होते. शून्यावर आलेला माइक तसाच पेटीत टाकलात तर महिन्या-दोन महिन्यांत ती आणखी खाली जाते आणि मग कधीकधी चार्जच घेत नाही. पेन्सिल सेलची जोडी पार पिळून काढली, तर दोघांतला कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहून त्याला उलटा चार्ज करतो. तो सेल गेलाच म्हणायचा.

12 तासांचं म्हणाल, तर लिथियमचा चार्जर सेल 4.2 व्होल्टला पोचला की स्वतःच हात आखडता घेतो. जास्त तास ठेवून जास्त काही भरत नाही. मात्र पेन्सिल सेलच्या स्वस्त चार्जरला कुठे थांबायचं ते कळत नाही. सकाळी सेल हाताला चटका देत असतील, तर आधी चार्जर बदला.

फुल करून ठेवणं कार्यक्रमाच्या आदल्या रात्री योग्यच. पण लग्नसराई संपून पेटी पावसाळाभर पडणार असेल, तर लिथियम निम्मी भरलेली बरी. भरलेली बॅटरी आणि मे महिन्यातला टेम्पो, ही जोडी तिला सर्वांत वाईट.

आता 1.2 व्होल्ट. हा मुद्दा ऐकायला सर्वांत पटतो. पण साधा अल्कलाइन सेल 1.5 वर सुरू होऊन सतत उतरत जातो आणि अर्धाअधिक वापरला की 1.2 च्या आसपासच येतो. माइक बनवणाऱ्याला ते धरूनच चालावं लागतं. चार्जिंगचा सेल उलट बराच वेळ 1.2 ला टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. खरी पंचाईत इथे आहे: अल्कलाइनच्या हिशोबाने बसवलेला मीटर बराच वेळ दोन काड्या दाखवतो आणि ऐन कीर्तनात माइक गप्प. बऱ्याच माइकच्या ट्रान्समीटरच्या (आवाज बिनतारी पाठवणाऱ्या भागाच्या) मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असते; ती कुणी उघडून बघत नाही.

मेसेज थोडा खरा ठरतो तो चौकोनी 9 व्होल्टच्या सेलबाबत. चार्जिंगचे काही ‘9 व्होल्ट’ प्रत्यक्षात 7.2 चेच असतात, काही 8.4 चे. घेताना अंगावर छापलेला आकडा बघा.

माझ्याकडे जोड्यांवर मार्करने अ, ब, क लिहिलंय. अ चा सेल ब बरोबर जात नाही, आणि मध्यंतरात काड्या कितीही दिसोत, जोडी बदलतोच.