वळवाचा गडगडाट आणि भावोजींचा फॉरवर्ड

परवा टिळकवाडीत संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं, एकदा गडगडलं, आणि भाचीच्या टेनिस कोचनं सगळ्या पोरांना कोर्टावरून आत पिटाळलं. पावसाचा एक थेंब नव्हता. रात्री भावोजींनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, 'टेनिसची मॅच मध्येच का थांबवतात? सत्य वाचा!' वर स्वतःची भर : 'फी घेतात आणि कारणं सांगतात.' सकाळी तोच मेसेज येळ्ळूरच्या मावशीकडून आला. मग मात्र राहवलं नाही.

त्यातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते जिवावरचं आहे. म्हणे, मोकळ्या कोर्टावर वीज पडत नाही, फार तर झाडाखाली उभं राहावं. अहो, दर वळवात आंब्याखाली आसऱ्याला गेलेल्या शेतकऱ्याची बातमी आपणच वाचतो की! झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. ढग डोक्यावर असावा लागतो असंही नाही. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही पडते. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलोच. अशा वेळी पक्कं घर गाठायचं, नाहीतर काचा लावून गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कोचनं नेमकं हेच केलं.

आता 'मोठा खेळाडू हरायला लागला की थांबवतात' आणि 'नंतर स्कोअर बदलतात'. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे : अंधारामुळे थांबवायचं तर सेट (सामन्याचा एक टप्पा, गेम हे त्याचे छोटे भाग) संपल्यावर किंवा चालू सेटमध्ये सम संख्येचे गेम झाल्यावर, आणि पुन्हा सुरू होताना स्कोअर व खेळाडूंच्या जागा होत्या तशाच. २०१० साली विम्बल्डनला इस्नर-माहू सामना तीन दिवस चालला. पहिल्या दिवशी चौथा सेट संपल्यावर थांबला, दुसऱ्या दिवशी पाचव्या सेटमध्ये ५९-५९ गेमवर, आणि तिसऱ्या दिवशी तिथूनच पुढे ७०-६८ ला संपला. २०२३ ला तिथेच इंग्रज प्रेक्षकांचा घरचा लाडका अँडी मरे त्सित्सिपासविरुद्ध २-१ सेटनं पुढे होता, तरी रात्री पावणेअकराच्या आत थांबवलं, कारण तिथं अकरानंतर खेळायला परवानगी नाही. आपल्याकडे गणपतीत दहाला स्पीकर बंद करायला पोलीस येतात, तसंच. दुसऱ्या दिवशी मरे हरला. कुणाला वाचवलं म्हणायचं?

'फुटबॉलवाले पावसातही खेळतात, मग टेनिसवाले का नाहीत?' ही फॉरवर्डमधली तुलना तर सोडाच. त्यांच्या बुटाला खिळे असतात. ओल्या हिरवळीवर टेनिसवाला धावता धावता वळला की घसरलाच, आणि चेंडूची लोकर पाणी पिऊन जड होते. पॅरिसच्या फ्रेंच ओपन स्पर्धेत मात्र लाल मातीवर भुरभुर पावसात खेळतातही.

एक मान्य करतो, नाइलाजानं : थांबल्यानं सामना फिरू शकतो. २०१२ च्या पॅरिस फायनलला नदालविरुद्ध जोकोविचनं तिसरा सेट घेतला होता, चौथ्यातही तो पुढे होता, तेव्हा पावसानं खेळ थांबला. सोमवारी नदाल ताजातवाना आला आणि जिंकला. पण तो पाऊस कुणी मुद्दाम पाडला नव्हता.

शनिवारी भाचीला आणायला मी जातोय, भावोजी. गडगडलं तर दोघं अर्धा तास गाडीतच बसू. जेवायला थांबू नका.