कट-ऑफ म्हणजे आत गेलेल्या शेवटच्या माणसाचा आकडा

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो : ‘उप्सालाचा कट-ऑफ किती लागतो?’ फोन करणाऱ्याने राज्यशास्त्रात किंवा समाजशास्त्रात बी.ए. केलेले असते, पुढे शांतता आणि संघर्ष अभ्यास हा विषय घ्यायचा असतो, आणि अकरावीच्या प्रवेशापासून याद्यांच्या फेऱ्या पाहत आल्यामुळे कुठेतरी एक ठरलेला आकडा असणारच, अशी त्याची खात्री असते. मी स्वीडनमध्ये राहतो. उप्साला विद्यापीठाशी माझा काहीही संबंध नाही. पण मुलीच्या निमित्ताने इथली प्रवेशपद्धत जवळून पाहिल्यापासून, गुणवत्ता यादी आपण नेमकी उलटी वाचतो, असे माझे मत झाले आहे.

इथे पात्रता आणि निवड या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पात्र उमेदवार जागांपेक्षा जास्त असतील तरच निवडीचा प्रश्न येतो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ती निवड एका यादीने होत नाही. नियमानुसार किमान एक तृतीयांश जागा शालेय गुणांवर आणि किमान एक तृतीयांश जागा वर्षातून दोनदा होणाऱ्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेवर भरायच्या असतात. शालेय गुणांची कमाल 22.5, तर परीक्षेची 2.00. ज्याच्याकडे दोन्ही असतील तो दोन्ही याद्यांत आपोआप धरला जातो. परिणामी एकाच वर्षी, एकाच अभ्यासक्रमाचे दोन कट-ऑफ लागतात, आणि एका यादीत बाहेर राहिलेली मुलगी दुसऱ्या यादीतून आत जाते. आता तिची गुणवत्ता कोणती मानायची? ‘तू कोणत्या बाजूने मोजतोस त्यावर अवलंबून आहे’ हे उत्तर इथल्या व्यवस्थेने नियमातच लिहून ठेवले आहे, आणि मला ते प्रामाणिक वाटते.

कट-ऑफ कुणी आधी ठरवत नाही. ज्या शेवटच्या उमेदवाराला जागा मिळाली त्याचे गुण म्हणजे त्या वर्षीचा कट-ऑफ. अर्ज वाढले की तो चढतो, जागा वाढल्या की उतरतो, आणि जुलैमधल्या पहिल्या निकालानंतर काहींनी जागा सोडल्या की दुसऱ्या फेरीत बदलतो. म्हणजे हा आकडा रांगेची लांबी सांगतो. अभ्यासक्रमाचा दर्जा सांगत नाही आणि बाहेर राहिलेल्याची लायकी तर मुळीच सांगत नाही. आपल्याकडे मात्र ‘नव्वदला बंद झालेले कॉलेज’ हे त्या कॉलेजचे प्रशस्तिपत्रक ठरते.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते बरोबरीच्या नियमाने. शेवटच्या जागेवर सारख्या गुणांचे अनेक उमेदवार असले, तर इथे सोडतही काढतात. म्हाडाच्या घरांची काढतात तशीच! आपण हेच टाळण्यासाठी एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतो. सातव्या स्थळावर पुढे असलेला विद्यार्थी मागच्यापेक्षा अधिक हुशार असतो, यावर यादी काढणाऱ्याचाही विश्वास नसेल. पण चिठ्ठी टाकली असे म्हणण्यापेक्षा आकड्याने ठरले असे म्हणणे आपल्याला सोयीचे वाटते. सोडतीत हरलेल्याला निदान आपण नशिबाने हरलो हे ठाऊक असते. सातव्या स्थळावर हरलेला मात्र आपणच कमी पडलो असे समजतो, आणि त्याच्या घरचेही तसेच समजतात.

गंमत म्हणजे रेषा ओढण्याचा हा प्रश्न या विषयाच्या पोटातच आहे. उप्सालातला शांतता आणि संघर्ष संशोधनाचा विभाग 1971 साली सुरू झाला. तिथला संघर्षांची नोंद ठेवणारा प्रकल्प एका कॅलेंडर वर्षात लढाईत किमान 25 मृत्यू झाले तर त्याला सशस्त्र संघर्ष म्हणतो आणि 1000 झाले तर युद्ध म्हणतो. चोविसाव्या मृत्यूपर्यंत तिथे शांतता होती, असे त्या प्रकल्पातले कुणीही मानत नाही. देशादेशांची आणि वर्षावर्षांची तुलना करता यावी म्हणून कुठेतरी रेषा हवी, एवढाच त्या 25चा अर्थ. जो विषय शिकताना हे पहिल्याच सत्रात समजून घ्यावे लागते, त्याच विषयाच्या प्रवेशासाठी आपण रेषेला निकाल समजून बसतो.

पदव्युत्तर प्रवेशाला तर फोनवर विचारला जाणारा तो एक आकडा लागूच पडत नाही. अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत एकाच राष्ट्रीय संकेतस्थळावर करायचा असतो आणि जास्तीत जास्त चार अभ्यासक्रम पसंतीक्रमाने लावायचे असतात; अर्जदारांचा क्रम प्रत्येक विद्यापीठ आपापल्या निकषांनी लावते, ज्यात आधीचे शिक्षण आणि अनेक ठिकाणी उद्देशपत्रही (हा अभ्यासक्रम का घ्यायचा, हे सांगणारे पत्र) येते. वरच्या पसंतीला जागा मिळाली की खालच्या पसंती रद्द होतात, म्हणून उप्साला, लुंड, माल्मे यांपैकी आपल्याला खरोखर कुठे जायचे आहे हे आधी ठरवावे. ‘सोपे वाटते ते वर’ हा हिशेब इथे अंगाशी येतो.

फोनवर मी हे सगळे सांगतो, आणि नंतर नाइलाजाने पैशांचे सांगतो. युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांच्या बाहेरच्यांना अर्जालाच 900 स्वीडिश क्रोनर पडतात आणि 2011 पासून त्यांना शिक्षणशुल्कही आहे. यादीत नाव आले तरी शुल्काचा पहिला हप्ता मुदतीत भरल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. पैशांची ही दुसरी यादी कुठे छापली जात नाही, तिला सोडत नाही आणि तिचा कट-ऑफ दरवर्षी वरच जातो. गेल्या वेळी फोन केलेल्या मुलीने हे ऐकून थोडा वेळ काहीच म्हटले नाही, आणि मग शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत विचारली.