वाड्याचं जोतं चकाचक कसं करावं

गावाकडचा वाडा दुरुस्त करायचाय? मग आधी असा ठेकेदार गाठा ज्याचा दगडाशी जन्मात संबंध आलेला नाही. शौचालयं बांधणारा असेल तर उत्तम. गावातल्या पाथरवटाला चुकूनही विचारू नका. तो भिंतीला हात लावून बघेल, नखानं दगडांमधली दरज उकरेल आणि "पावसाळा सरू द्या" म्हणेल. आपल्याला काम गणपतीच्या आत हवं असतं.

अंदाजपत्रक भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. चार अंगठे आले की मंजुरी.

मग दगडाला ग्राइंडर लावा. पाथरवटाच्या टाकीचे ते बारीक ठोके दोनशे वर्षं धूळ धरून बसलेत. जोतं कसं किचनच्या ओट्यासारखं दिसलं पाहिजे!

आता दरजा. जुन्या दरजांत चुना असतो. चुना पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो. भिंत जराशी हलली तर तोही हलतो, बारीकशी चीर गेली तर स्वतःच बुजवतो. असला पडतं घेणारा स्वभाव आपल्या भावकीत कुठला खपायला! शिवाय कळीचा चुना विरवा, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळा, वर गूळ, हिरडा, बेलफळाचा गर. एवढा कुटाणा कोण करणार? त्यापेक्षा सिमेंट. त्याचं पेटंट इंग्लंडात १८२४ साली निघालं. त्याआधी वाडे बांधून मोकळं होण्याची पूर्वजांनी जी घाई केली, ती आपण निस्तरायची. दरजा ठासून भरा, वर करणीनं रेघ ओढा.

भिंत म्हणजे बाहेर घडीव दगड, आत दगडाचाच दुसरा थर आणि मधे गोटे-मातीची भरती. त्या भरतीत कौलांतून, जमिनीतून पाणी येणारच. आजवर ते दरजांवाटे वाळून जायचं. काळा पाषाण पाणी बाहेर सोडत नाही आणि दरजा तुम्ही लिंपल्या. मग जायचं कुठं त्यानं? ते आत मुरतं, भरती खचते, भिंत पोट काढते. वरच्या विटांना लोणा लागतो, तुळईचं टोक कुजतं. आणि मग तोच ठेकेदार येऊन म्हणतो, "साहेब, वाडा जुना झाला, आता पाडायलाच लागंल." अरे बाबा, जुना झाला म्हणून नाही, तू आलास म्हणून!

कोकणातल्या मंडळींनी जांभ्यावर जाड सिमेंटचा गिलावा करावा. जांभा मऊ, त्यामुळे निकाल आमच्यापेक्षा लवकर लागतो.

पिंपळाचं रोप वरच्यावर छाटा. मुळं आतच राहू द्या.

शेवटी ऑइलपेंट. काळ्या दगडाला काळा रंग, ही कल्पना कुणाची ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळीत गावी गेलो तर आमचं चार फुटी जोतं बुटासारखं चमकत होतं. वर पांढऱ्या रेघा मारून दगड 'काढलेले'. पट्टी लावून मारल्यामुळे एक रेघ सरळ एका अखंड चिऱ्याच्या पोटातून गेली होती आणि त्या चिऱ्याची खरी दरज वीतभर खाली, रंगाखाली गुदमरलेली.

शनिवारवाडा १८२८ साली जळाला. लाकूडकाम खाक झालं, दगडी जोती आणि तट आजही उभे आहेत. आगीला जमलं नाही ते आपण वर्गणी काढून करतोय. आणि लाज कशी वाटत नाही रे? वर्षातून दोन दिवस यायचं, ओसरीवर फोटो काढायचे, "आमचा वाडा" म्हणायचं आणि दगडाला काय लागतं ते एकालाही विचारायचं नाही! पैसे नव्हते ना? मग नुसती कौलं चाळायची होती, पन्हाळी साफ करायच्या होत्या. बाकी हात लावायला कुणी सांगितलं होतं?

आणि मीही अंगठा दिला होता. तिसरा.