चौऱ्याण्णव टक्के म्हणजे काहीच नाही

आज सकाळी आमच्या ग्रुपवर सूर्यग्रहणाच्या सहलीबद्दल मेसेज. "अगं इथे शिकागोजवळ नेपरविलला ९४ टक्के ग्रहण दिसतंयच की, मग कशाला आरव्हीत पोरं कोंबून पाच-सहा तास खाली जायचं, सोमवारी शाळा आहे, मंगळवारी पाडवा आहे, आम्ही नाही येत." आणि त्यावर लगेच अंगठ्यांची रांग. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास ग्रहण बघायला दक्षिण इलिनॉयमध्ये कार्बनडेलकडे जायचं, सप्टेंबरपासून ठरवतोय आपण हे, आरव्ही म्हणजे झोपण्या-राहण्याच्या सोयीची गाडी बुक झाली, जागेचे पैसे भरले, आणि आता तोंडावर आल्यावर हे. ऑफिसात होते म्हणून फोन उलटा करून ठेवला, पण डोक्यातनं काही जाईना, म्हणून इथे लिहितेय. ज्याला लागायचं त्याला लागू दे.

९४ टक्के म्हणजे काय होणार ते सांगते. ८ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये चष्मा लावून उभे राहाल, सूर्याची कोर दिसेल, ऊन जरा मलूल वाटेल, फोनमध्ये धड फोटो येणार नाही आणि दहा मिनिटांत परत मीटिंगला. संपलं. अरे, सूर्य एक टक्का जरी उघडा राहिला ना तरी तेवढासा तुकडासुद्धा त्याच्या प्रभामंडळाच्या, म्हणजे भोवतीच्या फिकट तेजोवलयाच्या, हजारो पट प्रखर असतो, म्हणून ते प्रभामंडळ एरवी दिसतच नाही, शेवटचा ठिपका झाकला गेला की मगच दिसतं. कार्बनडेलला चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद दिसणार आहे! भर दुपारी शुक्र, गुरू, आणि क्षितिजावर चारी बाजूंना संध्याकाळ. त्यातलं शिकागोत काय दिसणार? काही नाही.

मला हे इतकं का झोंबलं तेही सांगते. १६ फेब्रुवारी १९८०, कारवार, आजीचं घर. खग्रासचा पट्टा बरोब्बर डोक्यावरून जाणार होता, लांबलांबचे शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन कर्नाटकात आले होते, आणि आम्ही सगळी पोरं माजघरात बंद. खिडक्यांना चादरी, पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं, लोणच्याच्या बरणीवर दर्भ. दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची, मी पालथी पडून तिच्याकडे बघत होते. पट्टी पिवळी होती, मग राखाडी झाली, मग गेलीच. बाहेर कावळे ओरडायला लागले आणि एकदम गप्प झाले. दोनेक मिनिटांनी पट्टी परत आली. बास. आयुष्यातलं पहिलं खग्रास ग्रहण मी दाराच्या फटीतून पाहिलं.

धाकटा काका मात्र गेला होता. हायस्कुलात विज्ञान शिकवायचा तो, कुणाला न जुमानता पुळणीवर जाऊन उभा राहिला. परत आला तर आजीनं मागच्या दारी अडवून डोक्यावर कळशी उपडी केली, आणि हा निथळत उभा, हातावर काटा आलेला. मला म्हणाला, "तुला न्यायला हवं होतं गो." एवढंच. काय पाहिलं ते त्याला सांगताच येईना.

आणि आता आपण. सगळे शिकलेले, पोरांना सायन्स कॅम्पला पैसे भरून पाठवणारे. आजीला निदान भीती होती, पोटातली, खरी भीती. आपल्याला कसली आहे? मॅथ टेस्टची? खालच्या भागात कित्येक शाळांनी त्या दिवशी सुट्टीच दिलीय! संताप होतो खरंच.

ढग येऊ शकतात, एप्रिल आहे, मान्य. भाडंही त्या आठवड्याचं अव्वाच्या सव्वा घेतलं, तेही मान्य.

पण म्हणूनच तर आरव्ही. २०१७ ला कार्बनडेलच्या जरा दक्षिणेला गेलो होतो, साध्या गाडीनं, अडीच मिनिटं पाहिलं, मी रडले होते. पण येताना आय-५७ वर जे अडकलो, लेक तेव्हा सात वर्षांची, ना बाथरूम ना खायला, मध्यरात्र उलटली घरी यायला. आता टॉयलेट मागेच आहे, शेगडी आहे, खिचडी टाकता येते, आणि सोमवारी निघायचंच नाही, सगळं जग रस्त्यावर असेल तेव्हा आपण खुर्च्या टाकून चहा पीत बसायचं. शेतातली जागा आहे, हुकअप म्हणजे वीज-पाण्याची जोडणी नाही, म्हणून पाण्याची टाकी इथूनच भरून न्यायची, जनरेटर कमी वापरायचा, भांडी पुसून घेऊन मग धुवायची म्हणजे सांडपाण्याची ग्रे टँक लवकर भरत नाही, आणि येताना वाटेत टाकी रिकामी करायची. रविवारी रात्री ढगांचा नकाशा बघू, वाईट दिसला तर पहाटे उठून खग्रासच्या पट्ट्यातल्याच व्हिन्सेन्सला नाहीतर केप जिरार्डोला. हॉटेल बुक केलेला माणूस एवढ्या सहज हलू शकत नाही.

एकीच्या सासूबाईंना अमावस्येचा प्रवास नको आहे. त्यांच्याशी मी वाद नाही घालणार. काकू, अमावस्येशिवाय सूर्यग्रहण होतच नाही, आणि आपण निघतोय शनिवारी.

काल आईशी बोलले पुण्याला. वाटलं ती पण वेध वगैरे सांगेल. तर म्हणाली, काका निथळत उभा होता ते आठवतं का तुला? ती तेव्हा गरोदर होती, भावाच्या वेळी, तिला आतल्या खोलीत हलू न देता बसवलेलं, चिरायचं नाही, शिवायचं नाही. मग म्हणाली, "मला पण बघायचं होतं, पण मला कुणी विचारलंच नाही." चव्वेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा बोलली ती. मला पुढे काही बोलताच आलं नाही. ती फटीतली पट्टी माझी एकटीचीच नव्हती, हे मला काल कळलं.

यानंतर अलास्का सोडलं तर अमेरिकेत खग्रास थेट ऑगस्ट २०४४ ला, मोंटाना आणि डकोटाकडे. माझी लेक तेव्हा तिशी ओलांडलेली असेल, मी सत्तरीच्या पुढे. तिच्यासोबत मला ते आत्ता बघायचंय.

आणि पाडव्याचं म्हणाल तर मंगळवारी सकाळी गुढी तिथेच उभारू, आरव्हीच्या ऑनिंगच्या, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या छपराच्या, खांबाला बांधून. काठी, तांब्या आणि आईनं पाठवलेला खण मी आधीच बॅगेत टाकलाय, गाठी आणि वाळलेला कडुनिंब इंडियन स्टोअरमध्ये मिळाला, श्रीखंड फ्रिजमध्ये मावतं, मापून पाहिलंय. मंडळाचा पाडवा तसाही वीकेंडलाच असतो.

झोपायला अजून जागा आहे. ज्यांनी सकाळी अंगठे दिले त्यांनी उद्या रात्रीपर्यंत सांगा, नंतर मी शेजारच्यांना विचारणार आहे, ते दोघं कधीचे मागे लागलेत. ग्रहणाचे चष्मे सगळ्यांचे माझ्याकडे आहेत, आयएसओ प्रमाणित. शाळेला पाठवायचा मेलसुद्धा लिहून ठेवलाय, फक्त पोराचं नाव घाला.